रावबहादुर धुरंधर : फुलापानांनी नटलेल्या मानवाकृतीचे चित्रकार

भाद्रपदात आपल्या घरोघरी गौरी येतात. कोणाकडे त्या खड्यांच्या असतात, कोणाकडे मुखवट्यांच्या, कोणाकडे कागदावर रंगविलेल्या. आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील पुष्कळ घरांत त्या तेरड्याच्या असतात. तेरड्याच्या रोपांची जुडी बांधावयाची, तीस लुगडे नेसवावयाचे, वर मुखवटा बसवावयाचा, केसांत फुले माळावयाची. म्हणजे पाहता पाहता रानातील रोपाची माहेरवाशीण होते. मनुष्याची आकृती आणि वनस्पती यांची अशी सांगड घालण्याची कला आपल्या आयाबहिणींना कोणत्याही शाळेत न जाता अवगत असते. परंतु हीच गोष्ट कागदावर रंगांनी साधावयाची झाल्यास मोठी तपश्चर्या लागते. अशी तपश्चर्या ज्यांनी केली आणि महाराष्ट्रातील स्त्रीपुरुषांना त्यांच्या फुलापानांसह, वस्त्राभरणांसह चित्रांत चिरंजीव केले, त्या कै. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

धुरंधर पाठारे प्रभू ज्ञातीचे होते. तेव्हा आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्रास जागा का द्यावी, अशी शंका एखाद्या ज्ञातिबांधवास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ज्ञातीची सेवा केवळ निधी जमवून वा वसतिगृहे बांधूनच होते असे नाही. आपल्या लोकांचे सणवार, पोशाख, लग्नकार्ये व घरातील साधी कामे डोळसपणे पाहून त्यांची नोंद करून ठेवणे हीही एक सेवाच आहे. ती धुरंधरांनी प्रथम आपल्या घरापासून केली आणि हळूहळू तिचा विस्तार सर्व समाजापर्यंत नेला. हा धडा कोणत्याही ज्ञातीने घ्यावा असाच आहे.

महादेवरावांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण त्याच संस्थानी नगरीत झाले. अंबाबाईचे मंदिर, रंकाळ्याचा काठ, नवरात्रातील गर्दी आणि दरबारी थाट असे विविध दृश्य वैभव त्या शहरात लहानपणापासून नजरेस पडे. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांच्या हातचे काम पाहून या मुलाच्या मनात चित्रकलेची ओढ बळावली. त्याच सुमारास राजा रविवर्मा यांची कीर्ती सर्व हिंदुस्थानभर पसरू लागली होती. आपल्या पुराणांतील देवदेवता व नायिका पाश्चात्य पद्धतीच्या तैलरंगांत जिवंत होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. त्या काळी चित्रकला हा प्रतिष्ठित कुटुंबातील मुलाचा व्यवसाय समजला जात नसे. कारकुनी, वकिली वा सरकारी हुद्दा हेच सुशिक्षित घरांचे ध्येय असे. अशा काळात धुरंधरांनी चित्रकार होण्याचा निश्चय केला आणि घरच्यांनी त्यास मोडता घातला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. ही शाळा १८५७ मध्ये स्थापन झाली असून तिचे आजचे आवार छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपण पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीने निघून शेवटच्या स्थानकावर उतरतो, तेव्हा त्या भव्य इमारतीच्या दगडांकडे क्वचितच मान वर करून पाहतो. वस्तुतः १८७८ ते १८८८ या काळात ती इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्यावरील कोरीव सजावटीच्या कामी याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेले आहेत. तेथील दगडांत पाने, फुले, वेली, पक्षी, प्राणी व मानवी मुखे एकमेकांत गुंफलेली आहेत. धुरंधर ज्या शाळेत शिकावयास गेले तिची परंपरा ही अशी होती.

त्या वेळी शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. त्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या होत्या. ज्यांनी अजिंठ्याचे पहिले लेणे पाहिले असेल, त्यांस हाती नीलकमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आठवत असेल. कमळाचा देठ जसा लवतो, तसाच त्या आकृतीच्या मानेचा, खांद्याचा व कमरेचा लवता बाक आहे. फूल हातात आहे खरे, परंतु त्याची रेषा सर्व देहातून वाहते आहे. छतांवर तर कमळे, हंस, फळे, पाने आणि मानवाकृती यांचे चौकोन एकापुढे एक मांडलेले आहेत. दुर्दैवाने विलायतेस पाठविलेल्या या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. परंतु ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्यावर लिहिलेला मोठा ग्रंथ पुढे दोन खंडांत प्रसिद्ध झाला. धुरंधर शाळेत आले तेव्हा अजिंठ्याची मोहीम संपून काही वर्षे झाली होती, तरी तिचा संस्कार शाळेत ताजा होता. सजावट म्हणजे हलके काम नव्हे, तीस अभ्यास लागतो, हा तो संस्कार होय.

तरुण धुरंधरांनी आपल्या परिश्रमांनी गुरुजनांचे लक्ष वेधून घेतले. मुंबईत १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची प्रदर्शने त्या काळी साहेब लोकांच्या चित्रांनी भरलेली असत. अशा ठिकाणी धुरंधरांना प्रथम पारितोषिक व नंतर १८९५ मध्ये सुवर्णपदक मिळाले. विशेष हे की, त्यांच्या चित्रांचा विषय परदेशी देखावा नसून आपल्याच घरातील स्त्री व तिचा संसार हा होता. लवकरच, १८९६ मध्ये, शाळेने त्यांस अध्यापक म्हणून ठेवून घेतले. ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत शिकविण्याचा योग भाग्यवंतांसच लाभतो. विद्यार्थी व शिक्षक मिळून त्यांचा त्या वास्तूशी एकेचाळीस वर्षे संबंध राहिला.

शिक्षक म्हणून आयुष्य घालविणाऱ्यास त्यांची एक सवय फार आदर्श वाटते. धुरंधर सतत रेखाटने करीत. घरात कोणी धान्य निवडीत आहे, कोणी केस विंचरीत आहे, कोणी पाळण्याशी बसली आहे, बाजारात कोळीण टोपली घेऊन चालली आहे, असे जे जे दिसेल ते त्यांच्या कागदावर उतरे आणि खाली बहुधा सही व तारीख पडे. पत्नी गंगूबाई यांची तर त्यांनी अनेक रेखाटने केली. चित्रासाठी हवी असलेली बसण्याची, वळण्याची, पदर सावरण्याची ढब त्यांनी घरातच पाहून घेतली. त्यामुळे पुढे त्यांनी लक्ष्मी काढली काय, सरस्वती काढली काय किंवा एखादी राजकन्या काढली काय, तिच्या उभे राहण्यात आपल्या घरातील बाईचा ओळखीचा डौल आढळतो. तारखेची सवय तर आज आपल्यास दुप्पट उपयोगी पडते. अमुक वर्षी मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात स्त्रिया नऊवारी लुगडे कसे नेसत, नथ कशी असे, अंबाड्यावर काय माळीत, हे सांगणारा तो सचित्र रोजनामाच झाला आहे.

आता ज्या गुणासाठी हे चरित्र लिहीत आहे त्याकडे वळू. मानवाकृती फुलापानांनी सजवावयाची म्हणजे काय करावयाचे? शाळेतील मुलांना संकल्पचित्र काढावयास सांगितले की ती बहुधा प्रथम एक चेहरा काढतात आणि मग उरलेल्या जागेत जमतील तेवढी फुले भरतात. जेथे रिकामे दिसले तेथे पान, जेथे कोपरा राहिला तेथे कळी. ही सजावट नव्हे, ही जागा बुजविणे झाले. धुरंधरांच्या चित्रांतून शिकावयाचे ते असे की, माणसाशी वनस्पतीचा जो संबंध जीवनात आहे, तोच चित्रात असला पाहिजे.

आपल्याकडे फूल हे केव्हाही कोठेही माळण्याची वस्तू नाही. त्यास वेळ आहे, स्थान आहे, अर्थ आहे. गुढीस कडुनिंबाची डहाळी, दारास आंब्याचे टाळे, मंडपास केळीचे खुंट. वटपौर्णिमेस वड, मंगळागौरीस नाना प्रकारची पत्री, दसऱ्यास आपटा व झेंडू. जिवतीच्या कागदास श्रावणात आघाडा-दूर्वांची माळ घालतात. नवरीच्या कपाळी मुंडावळ्या येतात. डोहाळजेवणाच्या दिवशी तर गर्भवतीस फुलांचेच अलंकार घालून तिची वाडी भरतात. फुलांचा मुकुट, फुलांची कर्णफुले, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कमरपट्टा! त्या दिवशी ती बाई म्हणजे साक्षात् फुललेली वेल असते, आणि त्यामागचा अर्थही तोच आहे. कोळणीच्या अंबाड्यावरील फुले निराळी, गरतीच्या खोप्यावरील वेणी निराळी, देवळात निघालेल्या वृद्धेच्या हातातील परडी निराळी. कोण, केव्हा, कोठे हे तीन प्रश्न फुलावरून सुटतात. ज्यास हे ठाऊक नाही त्याच्या चित्रातील फूल कितीही रेखीव असले तरी उपरे दिसते. धुरंधरांस हे जन्मतः ठाऊक होते आणि शाळेत शिकलेल्या शास्त्राने ते त्यांनी पक्के केले होते.

त्या शास्त्राचेही थोडे सांगितले पाहिजे. कारण ज्या घरांतून मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस बसतात, त्यांस ते उपयोगी पडेल. प्रथम पानाफुलाचे निसर्गचित्र काढावयास शिकावे लागते. पान देठास कोठे व कसे जुळते, समोरासमोर की आळीपाळीने, शिरा कशा धावतात, कळी कोणत्या बाजूस झुकते, हे प्रत्यक्ष फांदी समोर ठेवूनच कळते. दुसरी पायरी संक्षेपाची. नैसर्गिक पानातील आवश्यक तेवढेच ठेवून त्याचा एक ठसठशीत आकार करावयाचा व तो पुनःपुन्हा वापरता येईल असा बसवावयाचा. लुगड्याच्या काठावरील, पैठणीच्या पदरावरील किंवा दारातील रांगोळीतील वेल ही याच रीतीने सिद्ध झालेली असते. तिसरी पायरी मानवाकृतीची. शरीररचना, तोल व हातापायांची वळणे नीट जमल्याखेरीज तिच्यावर एक पाकळीही ठेवू नये. आणि चौथी व सर्वांत अवघड पायरी या दोहोंच्या मेळाची. वेणी ही डोक्याच्या गोलाईस धरून वळली पाहिजे, हार हा छातीवरून खाली येताना आपल्या भाराने लोंबला पाहिजे, काठावरची नक्षी निरीच्या घडीबरोबर मोडली पाहिजे. मग ती सजावट देहास चिकटविलेली न वाटता देहावर ल्यालेली वाटते. जलरंगात हे करताना पांढऱ्या मोगऱ्यासाठी कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावा लागतो. एकदा रंग लागला की तो शुभ्रपणा पुन्हा येत नाही. म्हणून कोठे काय राहावयाचे हे कुंचला बुडविण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. धुरंधरांचा जलरंगांवरील हात अतिशय स्वच्छ होता, तो या पूर्वविचारामुळे.

त्यांची चित्रे केवळ प्रदर्शनांच्या भिंतींवर राहिली असती तर आपल्यासारख्या गावच्या लोकांस त्यांचे नावही कळले नसते. परंतु ती छापली गेली. मुंबईचे तत्कालीन पोलीस कमिशनर एडवर्ड्‌स यांनी शहरातील गल्लीबोळांच्या जीवनावर लिहिलेले पुस्तक १९१२ मध्ये निघाले, त्यास धुरंधरांची चित्रे आहेत. सनदी अधिकारी किंकेड यांनी श्रावणातील कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. ते पुस्तक १९१४ मध्ये धुरंधरांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. ज्या वारांच्या कहाण्या, नागोबाची कहाणी, दिव्यांच्या अमावस्येची कहाणी आपण पाटावर बसून हाती अक्षता घेऊन ऐकल्या, त्याच कहाण्या सातासमुद्रापलीकडील मुलांनी धुरंधरांच्या डोळ्यांनी पाहिल्या. पुढे १९२० मध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांविषयी रॉथफील्ड यांचा ग्रंथ आला. त्यात धुरंधरांनी निरनिराळ्या प्रांतांच्या, धंद्यांच्या व ज्ञातींच्या स्त्रिया रंगविल्या आहेत. ग्रंथाचा मजकूर आज जुना झाला आहे आणि त्यातील काही मते आपल्यास रुचणारी नाहीत; परंतु चित्रांतील नेसण, अलंकार व केशभूषा यांचे मोल कमी झालेले नाही.

पुस्तकांहूनही दूरवर पोहोचली ती शिळाछापाची चित्रे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला व तो पुढे बोरघाटावर लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. आपण पनवेलहून खोपोली-खंडाळा मार्गाने घाट चढून गेलो की ती जागा फार दूर नाही. त्या छापखान्याने रविवर्म्यांच्या चित्रांबरोबर इतरांची चित्रेही छापली, त्यांत धुरंधरांचीही होती. याखेरीज टपालाच्या पत्रांवर, कादंबऱ्यांत व जाहिरातींत त्यांच्या आकृती आल्या. दगडावर प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा तयार करून एकावर एक रंग छापावयाचे, अशी ती मेहनतीची रीत होती. या छापील चित्रांनी सामान्य माणसाच्या भिंतीवर प्रथमच रंग आणला. देव्हाऱ्याजवळ लक्ष्मी, ओटीवर शिवछत्रपती, माजघरात कृष्ण, अशी जी मांडणी आपण जुन्या घरांतून पाहिली, तिच्यामागे अशा छापखान्यांचे श्रम होते.

शिवछत्रपतींचा उल्लेख आला तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १६७४ मध्ये रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाचे जे चित्र आपण पाठ्यपुस्तकांत, कार्यालयांत व सभागृहांत लहानपणापासून पाहात आलो आहो, ज्यात सिंहासनावर महाराज विराजमान आहेत, सभोवती दरबार भरला आहे आणि इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन अदबीने मुजरा करीत आहे, ते प्रसिद्ध चित्र धुरंधरांचे आहे. एवढ्या माणसांच्या गर्दीत प्रत्येकाची पगडी, अंगरखा व उभे राहण्याची रीत त्यांनी वेगळी ठेवली आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते चित्र शेकडो वेळा पाहिले असेल, पण काढणाऱ्याचे नाव विचारले असता बहुतेक गप्प राहतील. कलावंताच्या वाट्यास असे यश व असे विस्मरण एकाच वेळी येते.

धुरंधरांवर टीका झाली नाही असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने नवी चित्रपद्धती उदयास आली. यथार्थ चित्रण ही परकीय विद्या आहे, आपण अजिंठ्याकडे व मोगल-राजपूत लघुचित्रांकडे परत गेले पाहिजे, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. त्या दृष्टीने मुंबईची शाळा म्हणजे विलायतेची नक्कल ठरे. काहींनी असेही म्हटले की, धुरंधरांच्या देवता या देवता नसून गिरगावातील बायका आहेत. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्यांच्या काही पौराणिक चित्रांत नाटकी थाट अधिक आहे आणि मागणी फार असल्याने हात कोठे कोठे घाईचा झाला आहे. परंतु दुसरी बाजूही पाहावी. देवतेस घरच्या बाईचे रूप देणे ही आपली फार जुनी रीत आहे; तेरड्याच्या गौरीस आपण घरातीलच लुगडे नेसवितो आणि भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवितो. आणि पद्धत परकी असली तरी तिने टिपलेले जीवन परके नव्हते. तंत्र कोठून आले यापेक्षा त्याने कोणाची सेवा केली हे पाहणे अधिक न्याय्य होय.

पुढे १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन शाळेचे प्रमुख होऊन आले व त्यांनी भित्तिचित्रांच्या सजावटीचा खास वर्ग सुरू केला. भारतीय रेषा व भारतीय अलंकरण यांस शाळेत नवे स्थान मिळाले. त्या वेळी धुरंधर पन्नाशी ओलांडलेले होते. त्या वयात मनुष्य सहसा नवे शिकावयास तयार नसतो. धुरंधरांनी मात्र या कामी मनापासून भाग घेतला. नवी दिल्ली वसविली जात असता तेथील सचिवालयाच्या इमारतींची चित्रांनी सजावट करण्याचे ठरले, तेव्हा मुंबईच्या कलाशाळेच्या चित्रकारांकडे त्यांतील महत्त्वाचा भाग आला. विधिमंत्र्यांच्या दालनाचे काम धुरंधरांकडे होते. हिंदू व मुसलमान यांच्या धर्मशास्त्रांतील विवाहादी प्रसंग त्यांनी तेथे रंगविले. कायद्यासारख्या कोरड्या विषयास त्यांनी लग्नमंडपाचे व गृहजीवनाचे रूप दिले, यात त्यांचा स्वभाव पूर्णपणे दिसून येतो. ज्याने आयुष्यभर घर रंगविले, त्याने साम्राज्याच्या कचेरीतही घरच नेऊन बसविले.

शाळेत ते पायरीपायरीने चढत गेले. मुंबई इलाख्यातील चित्रकलाशिक्षणाचे निरीक्षक म्हणूनही त्यांनी काम पाहिले. सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली. निवृत्तीपूर्वी, १९३० च्या सुमारास, त्यांनी काही काळ शाळेच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला, आणि त्या जागी बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ ठरले. स्थापनेपासून सुमारे सत्तर वर्षे जी खुर्ची केवळ परदेशी गृहस्थांसाठी होती, तीवर कोल्हापुरात जन्मलेला एक मराठी चित्रकार बसला, ही घटना त्या काळी लहान नव्हती. जानेवारी १९३१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. आपल्या शाळेतील आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने लिहिल्या व ते पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकाराने लेखणी हाती घेऊन आपल्या विद्येचा इतिहास मराठीत सांगावा, हे मराठी वाचकांवर त्यांचे आणखी एक ऋण आहे. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

धुरंधरांचे चरित्र त्यांच्या मृत्यूपाशी संपत नाही, कारण त्यांनी आपल्या घरात आणखी एक चित्रकार घडविला होता. त्यांची कन्या अंबिका हिचा जन्म १९१२ चा. ज्या काळी मुलींस चार इयत्ता शिकविणे हीच पुष्कळ झाली असे समजत, त्या काळी धुरंधरांनी मुलीस आपल्याच कलाशाळेत पाठविले आणि १९३१ मध्ये, म्हणजे वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, तिने तेथील पदविका मिळविली. पुढे अंबिकाबाईंनी स्वतः चित्रे काढली, प्रदर्शने भरविली आणि वडिलांच्या पश्चात पाच तपांहून अधिक काळ त्यांचा ठेवा खार येथील घरात निगुतीने सांभाळला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे आत्मवृत्त आहे. वडिलांनी घरातील स्त्रीस चित्रात स्थान दिले, एवढेच नव्हे तर चित्रफलकापुढेही बसविले. फुले माळलेली स्त्री काढणारे चित्रकार पुष्कळ झाले. स्वतःच्या मुलीच्या हाती कुंचला देणारे थोडे. माझ्या मते त्यांच्या थोरवीची खरी कसोटी येथे लागते.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीस त्यांची पुन्हा ओळख झाली. एके काळी जी चित्रे जाहिरातीची किंवा दिनदर्शिकेची म्हणून उपेक्षिली गेली, तीच आज अभ्यासक भिंग लावून पाहतात. कोणत्या चित्रात कोणता काठ आहे, कोणते फूल आहे, कोणता दागिना आहे, यावरून शंभर वर्षांपूर्वीचे सामाजिक जीवन जुळवितात. धुरंधरांनी सजावट म्हणून जे काढले ते इतिहासाचे साधन ठरले.

ज्ञातिबांधवांनो व भगिनींनो, आता आपल्याकडे पाहू. पनवेल झपाट्याने बदलत आहे. वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या. २०१६ मध्ये येथे महानगरपालिकाही झाली. परसातील जास्वंद, तगर, पारिजातक व सोनचाफा यांस जागा उरली नाही. गजरा विकत मिळतो, पण तो कसा गुंफावयाचा हे पुष्कळ मुलींस ठाऊक नसते. फुलांची वाडी आता तयार मिळते. हे चुकीचे आहे असे म्हणण्याचा उद्देश नाही. काळाबरोबर रीती पालटावयाच्याच. परंतु घर मोकळे करताना जुन्या तसबिरी, लग्नातील छायाचित्रे, आजीने काढलेला गौरीचा कागद, रांगोळीच्या ठिपक्यांची वही, भरतकामाचे नमुने ही रद्दीबरोबर बाहेर जातात, हे मात्र थांबविता येण्याजोगे आहे. त्या वस्तूंत आपल्या ज्ञातीच्या स्त्रियांची बुद्धी व हात आहेत. त्यांची नावे कोठेही छापलेली नाहीत, आणि त्यांच्यामागे कोणी धुरंधर उभा नव्हता.

म्हणून सभासद कुटुंबांस नम्र सूचना अशी की, घरात अशा ज्या वस्तू असतील त्यांच्यामागे कोणी, केव्हा, कोणत्या कार्यासाठी केली, एवढे तीन शब्द लिहून ठेवावे. धुरंधरांनी साध्या रेखाटनाखालीही तारीख घालण्याचा आळस केला नाही, तेवढे आपल्यास सहज करता येईल. संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात वक्तृत्व व पाठांतराच्या स्पर्धा होतात, त्यांबरोबर मुलांसाठी एक चित्रस्पर्धा ठेवावी आणि तीत विषय द्यावा तो घरातील व्यक्ती व तिच्या सणाचे फूल असा. समोर खरी फांदी व खरी आजी बसवून चित्र काढावयास सांगावे. आणि एखाद्या मुलाने, विशेषतः एखाद्या मुलीने, आपणास चित्रकलाच शिकावयाची आहे असे म्हटले, तर तिला नाउमेद करू नये. परीक्षेतील गुणांच्या तक्त्यात चित्रकलेची रकमेची बाजू लहान दिसत असेल; पण ज्या समाजाजवळ आपले चित्र काढणारा कोणी नाही, त्याचे रूप पुढील पिढीस दुसऱ्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

रावबहादुर धुरंधर हे श्रीमंतीने, सत्तेने वा पांडित्याने मोठे झाले नाहीत. जे आपल्या आईने, पत्नीने व शेजारणीने नित्य केले, ते पाहण्याजोगे आहे हे त्यांनी ओळखले आणि ते काढण्यासाठी लागणारी विद्या एकेचाळीस वर्षे निष्ठेने उपासिली. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो. आणि त्यांच्यासारखी पाहणारी दृष्टी आपल्या मुलांमुलींच्या ठायी उपजो, हीच श्रीचरणी प्रार्थना.